चहा न घेणारा बातमीदार

...नाही, पण पोट दुखतंय माझं आणि ते कापायची घाई सगळ्या नगरला! संपादक म्हणाले अपेंडिक्स, शेजारी म्हणाले अपेंडिक्स, मेहुणा तर दवाखान्यात खाटही बघून आला. सांगा बरं, पोट कुणाचं?

शेवटी डॉक्टर नूरुद्दीन यांच्याकडे गेलो. त्यांनी इकडून दाबलं, तिकडून दाबलं, विचारलं, जेवता कधी? म्हटलं, बातमी संपली की. आणि चहा? म्हटलं, बातमी सुरू झाली की... मग कचेरीत, मग पोलीस चौकीत, मग पंचायत समितीत...

"कापायचं काही नाही. पित्त आहे. जेवण वेळेवर आणि चहा बंद. नाही पाळलंत, तर मात्र खरंच कापावं लागेल."

दुसऱ्याच दिवशी दुष्काळाची बातमी घ्यायला काष्टीच्या पुढे एका वाडीवर गेलो. टँकर येईना म्हणून बायका रिकामे हंडे घेऊन बसलेल्या, आणि सावलीत खुर्ची टाकून तालुक्याचे साहेब. त्यांनी चहा मागवला, मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला, मी पुन्हा नको. माणूस पांढरा पडला हो! तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं या जिल्ह्यात मी कुणाचा कप परत केला नव्हता. त्यांनी ताडलं, हा आता छापणार. मी पोटावर हात ठेवून सांगतोय, पित्त आहे, पित्त, ते म्हणतात, "साहेब, तुमचा राग कळतो आम्हाला."

संध्याकाळी टँकर वाडीवर हजर! इतके जळजळीत मथळे दिले तेव्हा घागरभर पाणी हललं नाही, आणि हे... सांगा, पोट कुणाचं?

मग काय, सुप्याकडचे आले, बेलापूरचे आले, सगळ्यांचं एकच, आमच्याकडं या अन् सायबाचा चहा घिऊ नका. गेलो. त्यांनीच वेळेवर भाकरी-ताक घातलं, पोट ठणठणीत झालं. डॉक्टर म्हणाले, आता दिवसाला एक कप चालेल.

तो कप आज त्याच साहेबांच्या टेबलावर आला. आलं घातलेला, वाफाळता... ओठापर्यंत नेला, तर विहिरीचा अर्ज घेऊन आलेल्या वाडीवरच्या राहीबाईंनी मनगटच धरलं.

म्हटलं, "बाई, माझं पोट बरं झालंय."

त्या कानाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, आमची हीर मंजूर हुईस्तवर तुमचं पोट दुखतंय."

ठेवला कप खाली, आणि बसलो पोट धरून.