साधा ओरखडाही नाही

नाही हो ताई, तो लॅच नका घेऊ — दिसायला दणकट आहे, पण उघडायला मला दोन मिनिटं लागतात. दोनसुद्धा नाही. तो दुसरा? त्याला चार. खोटं कशाला सांगू, तीस वर्षं हेच करतोय — बसा ना, घ्या ते स्टूल. काय म्हणालात? मी कशाला उघडेन तुमचं दार? नाही, तसं नाही... म्हणजे तसंच आहे.

पहिल्यांदा आले ना ते सरकारी गाडीवाले, तेव्हा म्हणाले, एक म्हातारी आत अडकलीय, जरा येता का? 'येता का' म्हणाले — अगदी अदबीनं. गेलो. दार उघडलं. म्हातारी कुठली! एक मास्तर उभा, गालाला साबण, हातात दाढीचा ब्रश. मला विचारतो, तुम्ही कोण? त्यांना नाही, मला! म्हटलं, किल्लीवाला. दुसरं काय सांगणार? त्याला खाली नेलं, आणि त्यांचा साहेब जिन्यात मला म्हणतो, दार फोडलं की शेजारी बाहेर येतात, बघतात, चार ठिकाणी बोलतात — तुमच्यामुळे कसं, सगळं शांतपणे होतं. पाठ थोपटली माझी. आणि ताई, मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं हो.

मग होतच राहिलं. महिन्यातून एकदा, मग आठवड्याला. नाही म्हणता आलं नसतं? दुकानाचा परवाना त्यांच्या हातात, हे खरं — पण धमकी कुणी दिली नाही. एकदाही नाही. गाडी दिसली की मीच आपला पिशवी उचलून उभा राहायचो.

आणि एके दिवशी भर दुपारी गाडी माझ्या धाकट्या बहिणीच्या गल्लीत वळली. म्हटलं, पुढे जाईल. थांबली. तिसरा मजला चढलो — म्हटलं, समोरचं घर असेल. नाही. तिचंच. तो लॅच मीच बसवलेला, तिनं संसार मांडला तेव्हा, माझ्याकडचा सगळ्यात चांगला. तार कुलपात घातली आणि तसाच थांबलो. साहेब म्हणाला, काय हो, अवघड आहे का? आणि मी म्हणालो — नाही साहेब, सोपं आहे. असं म्हणालो मी. आणि उघडलं.

मेव्हणे जेवत होते. छापखान्यात होते ते, कसलीशी पत्रकं छापली म्हणे. उठले, हात धुतले, चपला शोधायला लागले. बहीण त्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्या हातातल्या तारेकडे बघत होती. "दादा, बेल वाजवायचीस ना," म्हणाली. एवढंच.

चार वर्षं झाली. मेव्हण्यांचा पत्ता नाही. बहिणीनं अर्ज केले, खेटे घातले — शेवटी मी गेलो त्या साहेबाकडे. हातापाया पडलो. तर तो मलाच विचारतो, कोण मेव्हणे? आम्ही त्या घरी कधी गेलोच नव्हतो. जबरदस्तीनं नेलं म्हणता, मग दाराला ओरखडा तरी आहे का? बघून या जा! — काय बघून येऊ? नाहीये ओरखडा. माझं काम आहे ते.

ती आता दार नुसतं लोटून ठेवते. दिवसभर. मी जात नाही तिकडे.

असो. तुमचे मिस्टर काय करतात? — नको! नका सांगू. सांगू नका, ताई. चांगला लॅच कोण मागायला आलं, राहतं कुठे, घरात कोण कोण — दर शुक्रवारी साहेबाला कळवावं लागतं मला, म्हणून विचारायची सवय... इतकं कुणाशी बोलत नाही मी. उठा तुम्ही. काही घेऊ नका. कुणी विचारलं तर रस्ता विचारायला आला होतात, सापडला, गेलात. मी तुमचं तोंडही नीट बघितलेलं नाही.

जा ना, ताई! उभ्या काय राहिलात?