लांब बोल, असं ताई म्हणाल्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या वकील संघातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य आदरणीय आबासाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आपल्या न्यायालयाच्या समुपदेशक विजयमालाताई, ताईंचे कुटुंबीय, माझे वकील बंधू-भगिनी, कर्मचारी वर्ग, आणि मागच्या दाराजवळ बसलेले, ज्यांच्यापर्यंत चहा सगळ्यांत शेवटी पोचला ते सर्वजण! आपणा सर्वांना मेहताब गनीभाई शेख हिचा मनापासून नमस्कार.

न्यायाधीश महोदया आज आलेल्या नाहीत. "तुमच्या तोंडून कुठलं चालू प्रकरण निसटेल याचा नेम नाही, मी लांबूनच शुभेच्छा देते," असा त्यांचा निरोप आहे. त्या आम्हाला चांगल्या ओळखतात.

मला खरं तर चारच शब्द बोलायचे होते. आबासाहेबांनी तशी तंबीच दिली होती, कारण मागं मसालेभात गार होतोय. पण मघाशी शाल-श्रीफळ झाल्यावर ताई माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "मेहताब, लांब बोल." का, ते सांगते. आधी ताईंबद्दल बोलू द्या, नाहीतर निरोप समारंभ कशाचा?

नवरा-बायकोचं फाटलं की नवरा वकील करतो, बायको वकील करते. दोन्हीकडचे मामा, काका, गावचे चार शहाणे कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहतात. आणि ज्याच्या ताब्यावरून हे सगळं चाललंय ते पोर कुठं असतं? खांबाला टेकून कुणाच्या तरी मोबाईलवर गेम खेळत असतं. सगळं ऐकत असतं. ताई नोकरीला लागल्या तेव्हा या पोरांना बसायला जागा नव्हती. ताईंनी भांडून कोपऱ्यातली अडगळीची खोली रिकामी करून घेतली, सतरंजी टाकली, खेळणी मागून आणली. आज आपण तिला "मुलांची खोली" म्हणतो आणि ती पहिल्यापासून तिथंच होती असं वागतो.

त्या खोलीत एक प्रश्न विचारायला बंदी आहे. "तुला कोण पाहिजे, आई की पप्पा?" हा तो प्रश्न. एकदा एक आजोबा, पांढरंशुभ्र धोतर, गावात मोठा मान, नातवाला मांडीवर घेऊन हेच विचारत बसले. ताई म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला थोरला पोरगा पाहिजे की धाकटा? आत्ता सांगा, दोघांच्या देखत." आजोबांनी नातवाला मांडीवरून उतरवलं. मग म्हणाले, "बाई, तुमी लई वंगाळ इचारता." ताई म्हणाल्या, "व्हय ना? मग?"

हसा, हसा. मला हसू येत नाहीये, पण तुम्ही हसा.

ताईंची दुसरी गोष्ट म्हणजे डबा. पोर बापाला भेटायला निघालं की आईनं सोबत डबा द्यायचा, बापाकडच्यांसाठी. कित्येक आया भडकायच्या. "ज्यानं मला घराबाहेर काढलं त्याला मी लाडू वळून पाठवू?" ताई म्हणायच्या, लाडू नको, भाकरीचा तुकडा दे, पण पोराच्या हातात काहीतरी दे; नुसत्या धमक्या देऊन धाडू नको. आणि आपल्याकडं कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तरी चिमूटभर साखर घालतात. एकमेकांवर चार-चार केसेस टाकलेली माणसं मी पाहिली आहेत, पण डबा रिकामा परत द्यायची हिंमत त्यांच्यात नाही. एका बापानं शेंगदाणे भाजून घातले होते. आईनं एक तोंडात टाकला आणि मोठ्यानं म्हणाली, "करपवलेत." वर्षभरात ती त्याला उद्देशून पहिल्यांदा काही बोलली होती. ताई दोन दिवस खुशीत होत्या.

आता मी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी भित्री बाई आहे. कोर्टात माझा आवाज चढतो तो भीतीनं चढतो. मी वकिली करणार म्हटल्यावर अब्बा म्हणाले होते, "ही वकील होणार? पाल दिसली की पलंगावर चढते!" आणि अशा बाईला आपल्या न्यायालयानं एका आठ वर्षांच्या मुलीची वकील नेमलं. आईचे वकील वेगळे, बापाचे वेगळे, मी फक्त मुलीची. तिचं नाव घेणार नाही, घ्यायचं नसतं. आपण तिला छोटी म्हणू.

छोटीची आई केडगावला माहेरी राहते. बाप मिरजगावचा, टेम्पो चालवतो. गेल्या उन्हाळ्यात त्यानं पोरीला शाळेच्या दारातूनच उचललं आणि देवळाली प्रवराला बहिणीकडं नेऊन ठेवलं. चार दिवस आईला पत्ता नव्हता. शेवटी पोलीस गेले. पोलिसांनी त्यांचं काम नीटच केलं, माझी तक्रार नाही. पण छोटीनं काय पाहिलं? बापाची कॉलर दुसऱ्याच्या हातात, आई छाती बडवून घेतेय, आत्या उंबऱ्यात आडवी पडलीय. त्यानंतर पोर बोलायचीच बंद झाली. मुलांच्या खोलीत आणली की टेबलाखाली जाऊन बसायची. ताई काय करायच्या? त्याही टेबलाखाली जाऊन बसायच्या. या वयात, गुडघ्यांचं दुखणं सांभाळून. तिथं कधीतरी छोटी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "पप्पाची शेळी व्याली का?"

त्यावरून ताईंनी अहवाल दिला, की बापाला फक्त खोलीत भेटवणं आता पुरे झालं. एक दिवस पोरीला मिरजगावला नेऊ द्यावं, संध्याकाळी परत आणावं. मी कडाडून विरोध केला. म्हटलं, ज्यानं एकदा पळवली तो पुन्हा पळवणार नाही याची हमी कोण देतं? ताई म्हणाल्या, "मी देते." कोर्टानं ताईंचं ऐकलं.

तो दिवस आजचा आहे.

सकाळी मुलांच्या खोलीतून बाप तिला घेऊन गेला. मोनिकानं डबा भरून दिला, तीळ लावून केलेल्या बाजरीच्या... नाव गेलं का तोंडातून? गेलं. मोनिका, माफ कर गं. ती तिकडं भिंतीलगत बसलीय, आता मागं वळून बघू नका कुणी. तर ठरलं असं होतं, की ताईंचा समारंभ सुरू व्हायच्या आत छोटीला बाप इथंच आणून सोडेल. समारंभ सुरू झाला. स्वागतगीत झालं. प्रास्ताविक झालं. आणि ताईंच्या अंगावर शाल घालत होतो तेव्हा दारात एक माणूस आला. त्याच्या हातात मोनिकाचा डबा होता. भरलेला, गरम. सोबत पोरगी नव्हती.

मी विचारलं, "मुलगी कुठंय?" तो म्हणाला, "मला काय ठावं न्हाई. मी मार्केटला माल घिऊन आलोय. म्हातारीनं दिला, पोचवला." आणि गेला.

मोनिकानं माझं मनगट धरलं. अजून दुखतंय. म्हणाली, "मॅडम, भांडं पोरीबिगर परत आलं म्हंजी देनं फेडून येनं-जानं मिटवलं त्यांनी. पोरगी न्हाई द्यायची आता ते." मला तिला म्हणायचं होतं की असं काही नसतं. पण म्हणवेना, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. आपण सगळे त्याच मातीतले आहोत. ज्या डब्यानं माणसं जोडली जातात असं ताई सांगत आल्या, तोच डबा डोळ्यांपुढं आला आणि मला त्याच्याकडं बघवेना. बापाचा फोन लागत नाही. आत्ताही लागला नाही.

मी पोलिसांना कळवते म्हटलं. ताईंनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "तो वाटेत असला, आणि टोलनाक्यावर पोलिसांनी तिच्यासमोर त्याला उतरवला, तर ती पोर पुन्हा टेबलाखाली जाईल. आणि ह्या वेळी तिथं बसायला मी नसेन." मी म्हटलं, आणि तो वाटेत नसला तर? ताईंनी अंगावरची शाल सारखी केली. मग म्हणाल्या, "तू भाषण कर. लांब बोल. तुझं भाषण संपेपर्यंत नाही आली, तर फोन लाव." मोनिका म्हणाली, "ताई म्हनतात म्हनून थांबते."

म्हणून मी बोलतेय, मंडळी. हे भाषण संपलं की पोलिसांना फोन जाणार आहे, आणि मला ते संपवायचा धीर होत नाही. उशीर करून मी त्या बापाला पळायला वेळ देतेय का? की घाई करून पोरीचं बोलणं पुन्हा बंद पाडणार आहे? सांगा ना कुणीतरी. इतके वकील बसलाय, एरवी एकमेकांना बोलू देत नाही!

बरं. आभार मानते, आभारांना वेळ लागतो. माईकची व्यवस्था करणारे वाल्मिकभाऊ यांचे आभार. खुर्च्या लावणाऱ्या मंडळींचे आभार. रांगोळी कुणी काढली? सुरेख आहे. ताईंच्या सूनबाई कालपासून धावपळ करताहेत, त्यांचे आभार. ताईंच्या यजमानांनी इतकी वर्षं ताईंचं उशिरा घरी येणं सहन केलं, त्यांचे आभार. आबासाहेब, तुमचेही आभार, तुम्ही मघापासून घड्याळाकडं बघताय आणि तरी मला थांबवत नाही.

ताई, तुमच्याकडं बघते तर तुम्ही शालीच्या दशा पिळताय. मला वाटायचं तुम्हाला भीती वाटतच नाही. म्हणजे इतकी वर्षं दर वेळी पोर बाहेर पडलं की तुमचे हात असेच चालायचे, आणि आम्हाला दिसले नाहीत? मग तुम्ही जेवत कशा होतात, झोपत कशा होतात? नवे समुपदेशक येईपर्यंत, सोमवारपासून मुलांची खोली माझ्याकडं देताय तुम्ही. मला नाही जमणार, ताई. मी हे सत्काराच्या भाषणात म्हणायला नको होतं, पण मला खरंच नाही जमणार.

काय गं मोनिका? हो. हो, ऐकलं मी. "आता लावा" म्हणतेय ती. बरोबर आहे तिचं. आई आहे ती, तिनं किती धीर धरायचा? ताई? ताई दाराकडं बघताहेत. मी फोन हातात घेतलाय. आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे...

थांबा. दार.

आली! अहो, आली!

नका, नका, उभे राहू नका! सगळंच सभागृह उभं राहिलं, काय हे! ती घाबरली. बघा, बापाच्या पाठीमागं गेली. शर्ट धरलाय त्याचा. मोनिका, धावू नको, बाई. ताई...

ऐकलंत का? माईक नसताना ताईंचा आवाज मागपर्यंत गेला. "बसा. सगळे बसा." बसा हो. मोनिका, तूही. तिला आपली इतकी तोंडं एकदम बघायची नाहीयेत.

बसलो सगळे.

मोनिका बसल्या जागेवरून विचारतेय, "गाडी लागली का गं?" छोटी मान हलवतेय. बाप म्हणतो, "दोनदा उलटी झाली. थांबत थांबत आनली. फोनची बॅटरी गेल्ती." आणि डबा? "कसला डबा? आईनं धाडला का म्होरं? गरम हाय तवर पोचावा म्हनली आसंल. मला ठावंच न्हाई." त्या म्हातारीला वाटलं, सुनेच्या हाती गरम जेवण पडावं. आणि इथं आम्ही सगळ्या शिकलेल्या बाया हातपाय गाळून बसलो होतो.

छोटी बाहेर आलीय त्याच्या मागून. चाललीय आईकडं. मध्येच थांबून मागं बघतेय. तो दारातच उभा आहे, आत यावं की जावं कळेना त्याला. ताई काय म्हणाल्या? "अंगद, तुम्हीपण बसा." हो, ती तिसऱ्या रांगेतली खुर्ची मोकळी आहे. या.

आता मला संपवायला हवं. शिष्टाचार असा आहे की बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर श्रोत्यांनी पोटात घालावं. आजवर मी हे वाक्य पुष्कळ वेळा म्हटलं, आणि कुणाची माफी मागतेय हे मला एकदाही ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. तिसऱ्या रांगेत जो माणूस बसलाय, त्याच्याबद्दल मी मघापासून भरल्या सभागृहात वाईट बोलले, आणि त्याहून वाईट मनात आणलं. तो तेव्हा रस्त्याच्या कडेला टेम्पो थांबवून पोरीची पाठ चोळत होता. अंगदभाऊ, मला माफ करा. गेल्या उन्हाळ्याचं मी विसरलेले नाही, विसरणारही नाही, पण आजचं श्रेय तुमच्या पदरात टाकते.

ताई, सोमवारी मी खोलीत येते. घाबरतच येते. कुणीतरी पुन्हा उशिरा येईल, दारात पुन्हा सगळे उभे राहतील, आणि "बसा" म्हणायला तुम्ही नसाल. मी म्हणेन. माझा आवाज चढेल बहुतेक, पण म्हणेन.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. एकच विनंती आहे. टाळ्या वाजवू नका. छोटीनं आत्ता कुठं आईच्या मांडीवर डोकं टेकलंय, ती दचकेल.