गल्ली नंबर पाचची डबल बेल

चुडामण: लिहून ठेव भटू. गाडी चालवणं ही काय कला असते, ते आजच्या तारखेला या धुळे शहराला कळणार आहे. लोक नातवंडांना सांगतील, की आम्ही ओट्यावर उभे होतो आणि आमच्या डोळ्यांदेखत चुडामण ड्रायव्हर वाऱ्यासारखा...

भटू: नाना, सगळे गेले.

चुडामण: कोण सगळे?

भटू: बाकीच्या आठ स्कूटरी. झेंडा पडून मिनिट झालं. पहिली एव्हाना आग्रा रोडला लागली असेल.

चुडामण: मग तू घंटा का नाही मारलीस?

भटू: शर्यत आहे ही. शर्यतीला झेंडा असतो.

चुडामण: झेंड्याचं मला सांगू नको. सत्तावीस वर्षं एस.टी. चालवली, धुळे-जळगाव. मागून कंडक्टरच्या दोन टण ऐकल्याशिवाय कधी चाक हललं नाही. एक टण म्हणजे थांब, दोन टण म्हणजे चल. मंडळानं शर्यत डबलसीट ठेवली म्हणून तुला मागे बसवलाय. शोभेला नाही बसवला.

भटू: ही घ्या डबल बेल. टण टण.

चुडामण: हां! आता बघ.

भटू: बघतोय. स्कूटर बंद आहे.

चुडामण: जावयाची आहे. हिला आधी उजव्या अंगावर लवंडवावी लागते, मग किक घेते. उतर. धर. लवंडव. अजून. पेट्रोलचा वास आला?

भटू: आला. पेट्रोलही आलं थोडं.

चुडामण: झाली चालू! बस. मार परत डबल बेल.

भटू: टण टण.

(एप्रिल १९८९, रविवारची सकाळ. गल्ली नंबर चार. दोन्ही ओट्यांवर माणसं दाटली आहेत. नऊपैकी नववी स्कूटर निघते.)

चुडामण: घंटा कुठली रे ही? आवाज कसा सात्त्विक येतोय.

भटू: देव्हाऱ्यातली. सुरतेला कायमचं जायचं म्हणून आमच्या लिलाबाईनं सगळं घर पोत्यात भरलं. बाहेर फक्त देव होते. आरतीच्या आत परत ठेवायची आहे, नाहीतर उद्या सुरतेला मी देवांच्या आधी पोचायचो.

चुडामण: सुरतेचं आज नाव काढू नको. ड्रायव्हरचं चित्त विचलित होतं. रस्ता सांग.

भटू: चारनं जायचं, आग्रा रोडला वळायचं, पाचनं परत यायचं. तीन फेऱ्या. शेवटी मंडळाच्या पोरांनी दोरी धरलीय.

चुडामण: रुंदी?

भटू: रुंदी कसली? इकडच्या ओट्यावरनं तिकडच्या ओट्यावर माणसं चहाची बशी देतात. आत्ता आपल्या डोक्यावरनं एक गेली.

चुडामण: चहा होता?

भटू: तुमच्या खांद्यावर बघा.

चुडामण: असू दे. बक्षिसाचं घड्याळ पाहिलंस? लंबकवालं आहे. दर तासाला टोल देतं. घरी भिंतीला खिळा ठोकून आलोय मी.

भटू: आधीच?

चुडामण: आधीच. द्रौपदेच्या समोर. पारोळ्याची माणसं माझ्या गाडीला काय म्हणायची, विसरलास?

भटू: "आठची येते, फक्त कोणत्या वाराची ते विचारून घ्या."

चुडामण: पाठ आहे तुला! आणि निरोप समारंभात साहेबांनी माइकवरनं तेच सांगितलं. शाल, नारळ आणि तो विनोद. सगळा डेपो हसला. द्रौपदा पहिल्या रांगेत बसलेली. तीही हसली.

भटू: वहिनी सगळ्यात शेवटी हसल्या, नाना.

चुडामण: शेवटी हसली, पण तिचं थांबेना. म्हणून आज एकदा, फक्त एकदा, मला कुठेतरी पहिलं पोचायचं आहे. आणि लेट मी कोणामुळे व्हायचो?

भटू: माझ्यामुळे.

चुडामण: तुझ्यामुळे! मुकटीच्या पुढे बांधावर कोणी हात वर केला, की तुझी टण. कोणी कानावरची माशी हाकलली, तरी टण. पिंपळकोठ्याला तू बुजगावण्यासाठी गाडी थांबवलीस, भटू! बावन्न माणसं खाली उतरून बघत होती, चढतंय कोण.

भटू: त्यानं दोन्ही हात केले होते.

चुडामण: आज तुझी एक टण ऐकू आली नाही पाहिजे.

भटू: नाही येणार. हे बघा, घंटेच्या लोलकाला रुमालच गुंडाळला. ठेवली खिशात.

चुडामण: शाब्बास. समोर काय आहे ते?

भटू: खाट. कुरडया वाळत घातल्यात. त्यात रुपचंद टेलर बसलाय.

चुडामण: शर्यत सोडून?

भटू: स्कूटरसकट बसलाय. बाईनं किल्ली काढून घेतली. म्हणते, पुन्हा चीक शिजवून द्या, मगच देईन.

चुडामण: एक कमी झाला. पुढचं सांग.

भटू: गाय. आडवी उभी आहे. तीन स्कूटरी हॉर्न वाजवताहेत, ती ऐकतेय.

चुडामण: अडाणी आहेत. गाईला हॉर्न देत नसतात. जवळ जाऊन माणसासारखं बोलायचं. हो बाई, जरा सरक, पुढे मोकळं आहे सगळं.

भटू: सरकली!

चुडामण: एरंडोलच्या बाजारात शिकलो. चार कमी. आता आग्रा रोड. डावीकडे हात दाखव.

भटू: शर्यतीत हात कोण दाखवतं?

चुडामण: वळताना हात दाखवणार नाही तो ड्रायव्हर कसला? दाखव.

भटू: दाखवला. समोरच्या पेपरवाल्यानं नमस्कार केला.

चुडामण: सुरतेत तुझं आहे कोण, भटू?

भटू: नाव काढायचं नव्हतं ना?

चुडामण: तू काढायचं नाहीस. मी काढू शकतो. कोण आहे तुझं तिथे?

भटू: पोरगा आधार आहे. सून आहे. दोन नातवंडं आहेत.

चुडामण: ते सोडून?

भटू: ते सोडून कोणी नाही.

चुडामण: तेच म्हणतो मी. पाय वर घे! पाचचं तोंड अरुंद आहे. तेलवाला आणि सोनारांचा जावई, दोघांची हँडलं एकमेकांत अडकलीत.

भटू: आधी मागे कोण घेणार, यावर चाललंय त्यांचं. दोन्ही बाजूंची माणसं जमताहेत. आपल्याला जागा नाही, नाना.

चुडामण: आहे. ओट्याला घासून निघतो. पाळधीच्या पुलावरनं बैलगाडी शेजारी असताना बस काढलीय मी. पोट आत घे.

भटू: तुमचं पण घ्या.

चुडामण: निघालो! बघितलंस? एक ओरखडा नाही.

भटू: नाना, माझी चप्पल ओट्यावर राहिली.

चुडामण: पुढच्या फेरीत घेऊ.

भटू: डावी आहे.

चुडामण: डावी असो की उजवी, गाडी थांबणार नाही. आज आपली गाडी कोणासाठी थांबत नाही. किती उरले?

भटू: खाटेत एक, गाईपाशी तीन, भांडणात दोन. एक कडुनिंबाखाली प्लग साफ करत बसलाय. पुढे फक्त मेडिकलवाला निंबा आणि त्याचा भाऊ.

चुडामण: निंबा! त्याला पहिलीत शाळेत सोडायला त्याची आई माझ्याच गाडीनं यायची. आता मला धूर देतो. किती पुढे आहे?

भटू: तो चारमध्ये शिरला. आपण अजून पाचमध्येच.

चुडामण: जाऊ दे. पुढच्याच्या मागे धावायचं नसतं. आपला रस्ता आपण खायचा, घास घास करून.

भटू: दुसरी फेरी. गाय परत आली.

चुडामण: काय म्हणतेस बाई? हो, हो. सरक. शहाणी आहे.

भटू: रुपचंद अजून खाटेत. चहा पितोय. तुम्हाला विचारतोय, घेता का.

चुडामण: येताना म्हणावं.

भटू: तो ओटा आला! ती आजी चप्पल हातात धरून उभी आहे. जरा डावीकडे... मिळाली! थँक्यू, आजी!

चुडामण: घातलीस?

भटू: घातली. ही उजवी आहे.

चुडामण: कोणाची?

भटू: ते तिसऱ्या फेरीत विचारू.

चुडामण: भटू, मी विचार केला. सुरत काही लांब नाही. पण तिथे सगळी माणसं घाईत असतात म्हणे. तू हळू माणूस. चिरडून टाकतील तुला.

भटू: पोरगा म्हणतो, अण्णा, आता दगदग नको. आराम करा.

चुडामण: इथे तुला दगदग कसली? सकाळी सातला माझ्याकडे येतोस, बाराला जातोस. बसून असतोस.

भटू: तुमचं ऐकत असतो.

चुडामण: ही दगदग?

भटू: नाना, तिसरी फेरी लागली. समोर बघा! निंबा थांबलाय!

चुडामण: का?

भटू: पेट्रोल रिझर्व्हला लावायला वाकला, तर मागचा भाऊ गडगडला. भाऊ म्हणतो, मुद्दाम पाडलं. निंबा म्हणतो, धरून का नाही बसलास.

चुडामण: म्हणून म्हणतो, मागे ट्रेनिंग घेतलेला माणूस पाहिजे. काढतो बाजूनं. निंबा, आईला नमस्कार सांग रे!

भटू: नाना.

चुडामण: काय?

भटू: आपल्या पुढे कोणी नाही.

चुडामण: नीट बघ.

भटू: नीटच बघतोय. पुढे नुसता रस्ता आहे. शेवटची फेरी आहे आणि पाचमध्ये शिरलोय आपण. ती बघा दोरी.

चुडामण: असा दिसतो होय रस्ता, पुढे कोणी नसलं म्हणजे? सत्तावीस वर्षांत कधी पाहिला नव्हता.

भटू: लोक टाळ्या वाजवताहेत.

चुडामण: ऐकू येतंय. द्रौपदेला आणायला पाहिजे होतं. भटू, ते घड्याळ लागलं ना भिंतीला, की दर तासाला... दर तासाला...

भटू: नाना?

चुडामण: काय?

भटू: आपण थांबलो.

चुडामण: मग? घंटा झाली ना. काय करणार!

भटू: नाही झाली.

चुडामण: झाली. मी ऐकली. एक टण.

भटू: घंटा माझ्या खिशात आहे. हा बघा रुमाल, जसाच्या तसा.

चुडामण: मग मी थांबलो का?

यशोदाबाई: भाऊ, तठे कोपरावर सोडतस का माले? दळणना डबा शे. हात भरी ऊनात मना.

भटू: हे बघा. या बाईंनी हात केला होता.

यशोदाबाई: अरे, नाना ना तुम्ही? आनि भटूभाऊ! मी यशोदा, मुकटीवाली. दूधनी किटली लई येऊ तुमनी गाडीमा.

चुडामण: यशोदाबाई! ओळखलं. रोज बांधावरनं पळत यायच्या तुम्ही. आणि रोज हा टण मारायचा, आणि रोज मी लेट व्हायचो. सांग भटू, सांग यांना.

भटू: नाना, उद्या जातोय म्हणून सांगतो. तुमचा ब्रेक आधी लागायचा.

चुडामण: म्हणजे?

भटू: म्हणजे गाडी आधी थांबायची. मी टण नंतर मारायचो. घंटेशिवाय ड्रायव्हरनं गाडी का थांबवली, असं साहेबांनी तुम्हाला विचारू नये म्हणून. मला विचारलं की मी सांगायचो, घंटा मी मारली.

चुडामण: खोटं. सपशेल खोटं.

यशोदाबाई: खरं शे, नाना. गाडी पहिले उभी ऱ्हाये, घंटा मांगून वाजे. बठ्ठा गावले माहीत व्हतं.

चुडामण: सगळ्या गावाला?

भटू: पारोळ्यालाही. एरंडोललाही थोडं.

चुडामण: आणि मी सत्तावीस वर्षं तुला बोल लावत आलो? डब्यातली भाजी खाताना, रात्री मुक्कामाला, निरोपाच्या दिवशीसुद्धा... आणि तू गप्प?

भटू: तुम्ही इतकं रंगून सांगायचात. मध्ये कशाला बोलू?

चुडामण: ते बुजगावणं?

भटू: ते तुमचंच.

चुडामण: अरेरे. फार लांबनं माणूस वाटलं रे ते.

भटू: माहीत आहे. म्हणून तर मी टण मारली.

चुडामण: बसा, यशोदाबाई. डबा इकडे द्या, पायाशी ठेवतो. भटू, पुढे सरक.

भटू: जागा कुठे आहे?

चुडामण: सत्तावीस वर्षं भरल्या गाडीत लोकांना "पुढे सरका" म्हणालास. आता तू सरक.

भटू: सरकलो. एक जण चालला बाजूनं.

चुडामण: कोण?

भटू: निंबा. भाऊ मागे नाही. भाऊ पळत येतोय.

चुडामण: आणि हा दुसरा?

भटू: रुपचंद टेलर. पँटला कुरडया लागल्यात.

चुडामण: चीक शिजवून झाला एवढ्यात? बघ, हुशार माणूस. दोरी कोणी तोडली?

भटू: रुपचंदनं. निंबा भावासाठी थांबला, आणि रुपचंदच्या फेऱ्या कोणी मोजल्याच नाहीत.

चुडामण: टेलरला घड्याळ. चांगलं झालं. त्याचे कपडे तरी वेळेवर मिळतील. पण माझ्या खिळ्याचं काय करू? द्रौपदा येता-जाता बघणार.

भटू: कॅलेंडर लावा. आपल्या गाडीला तेच लागतं.

चुडामण: ...हसू नको. मीही हसतोय, पण तू हसू नको. भटू, उद्या सुरतेची गाडी किती वाजता?

भटू: साडेसहाला.

चुडामण: स्टँडवर मी सोडतो तुला. याच स्कूटरवर.

भटू: तुम्ही? मग ती गाडी चुकलीच, नाना.

चुडामण: चुकेलच असं नाही. पण वाटेत कोणी हात केला, तर माझा नाइलाज आहे. आणि सकाळी सकाळी धुळ्यात बरीच माणसं हात करतात.

भटू: दुसरी गाडी अकराला आहे.

चुडामण: तीही बघू.

भटू: बरं. तुम्हीच या मग. निवांत या. लिलाबाईला सांगतो, देव इतक्यात बांधू नको म्हणून.

चुडामण: काढ तो रुमाल. मार डबल बेल.

भटू: टण टण.

यशोदाबाई: थांबा, थांबा. कोपरा ऊना. मनं घर हाईच शे. भाऊ, डबा तेवढा वर पोचाडी द्या ना. तिसरा मजला शे.