ऑइलपेंटवर चुना

— नाही, नाही, विश्वासराव, तुम्ही त्या खुर्चीत बसा, मी इथे भिंतीला टेकून बरा आहे — चुना ताजा आहे, तुमचा सदरा खराब व्हायचा. माझा? माझा काय, जुनाच आहे. तुमचे चिरंजीव अभिराजराव मागच्या बसनं येताहेत ना? येऊ देत, आमची शिवानी तयारच आहे. हां, तर चुना — ओला असताना खालचं सगळं दिसतं, वाळला की पांढराशुभ्र. म्हणजे दिसण्यासारखं खाली काही नाही हो! नुसती भिंत. डिस्टेंपर लवकर वाळतो, हाताला भुकटी लागते एवढंच. ऑइलपेंट मात्र खोडसाळ — वरून साय धरतो, आत ओलाच, आणि एकदा वाळला की त्याच्यावर चुना टिकतच नाही, पापुद्रे सुटतात. पहिल्या वेळी आम्ही ऑइलपेंटनं —

पहिल्या वेळी म्हणजे... थोडं पाणी घेता? शिवानी, पाणी आण गं — नको, राहू दे, तू आतच थांब.

कुठे बघताय? माझ्या खांद्यामागे? सरकतो, वाचा. प्रणीत. लग्नाआधी दारापाशी नवरा-नवरीची नावं लिहितात ना आपण, लोक साध्या रंगानं लिहितात, पावसात धुऊन जातात. आमचा धाकटा खंडोजी म्हणाला, अण्णा, ऑइलपेंटनंच लिहू, संसारासारखं टिकू दे. टिकलं. पत्रिका वाटून झाल्या, आणि मुलानं अमेरिकेतून फोनवर नाही म्हणून सांगितलं. शिवानीचं त्यात काही नाही हो! तिचं नाव तिनंच ब्लेडनं खरवडलं, तर गिलावासुद्धा निघाला, म्हणून त्याचं तसंच ठेवलं. किती वेळा चुना मारला! वाळतो, पांढरा होतो, आणि सुटतो. तुम्ही सकाळी वेळेवर आला असतात तर भिंत कोरी होती — नाही, तुम्हाला दोष नाही देत, बसला गर्दी असते. आणि सांगणार होतोच मी. मुलगी पाहून झाल्यावर, तुम्हाला ती आवडल्यावर... आवडली असती हो. एकदा बघून तरी जा. हाक मारू? ती दारामागेच उभी आहे, सगळं ऐकतेय —

उठलात? अभिराजरावांना स्टॉपवरनंच परत नेणार? बरं. बरं. थांबा, गेटला हात लावू नका, काल तुमच्यासाठीच रंगवलंय, अजून ओलं आहे. मी उघडतो. माझे हात भरले तर भरू देत. या.