किटलीच्या बाजूला

(नारिन नदीच्या वरच्या अंगाचं एक गाव, बातमा आपांचं, म्हणजे घरातल्या आईचं, स्वयंपाकघर. आपांचा म्हातारा जाऊन वर्ष होत आलंय, पुढच्या आठवड्यात वर्षाचं जेवण. त्यासाठी मोठा मुलगा तुर्गुन बिश्केकहून आलाय. धाकट्याची बायको मीरगुल खाली मान घालून चहा ओततेय; तुर्गुनला, थोरल्या दिराला, ती बाइके म्हणते. टेबलावर बोरसोकांचा, तळलेल्या पावाच्या तुकड्यांचा, ढीग आहे आणि एक पासपोर्ट उघडा पडलाय.)

तुर्गुन : आपा, हट्ट सोड. थडग्याची शिळा घासून तयार आहे. संध्याकाळी उस्ताद चेहरा कोरायला बसणार. पासपोर्टवरच्या फोटोची प्रत मी येतानाच देऊन आलोय त्याला. आता तू फक्त हो म्हण.

आपा : नाही म्हणतेय ना मघापासून!

तुर्गुन : कारण काय पण?

आपा : कारण तो तुझा बाप नाही.

तुर्गुन : झालं! खाली नाव आहे, सही आहे, सरकारी शिक्का आहे.

आपा : मग शिक्क्यालाच पुरायचं होतंस. बघ जरा नीट. टोपी काढायला लावली, हसायचं नाही म्हणून दम भरला. माशी गिळल्यासारखं तोंड झालंय बिचाऱ्याचं! जन्म काढला मी ह्या माणसाबरोबर. असं तोंड मेल्यावरसुद्धा नव्हतं त्याचं.

तुर्गुन : थडग्यावरचा चेहरा गंभीरच असतो, आपा. तिथे काय कोणी दात काढत नाही.

आपा : आपलं कबरस्तान कुठे आहे? रस्त्याला लागून. दूध घालायला जाताना, दुकानात जाताना रोज हा मला समोरून बघणार. मी काय करायचं? कोण हा परका पुरुष म्हणून ओढणी पुढे ओढून जायचं? स्वतःच्या नवऱ्यापुढून?

तुर्गुन : मग दुसरा फोटो दे. दे ना! माझ्या लग्नात सगळ्या फोटोंत बाप म्हणून अतांची पाठ आहे, मांस कापत बसलेले. ताईच्या लग्नात घोड्यावर, इतके लांब की घोडाच ओळखू येतो. फोटोवाल्याकडे चला म्हणून मी किती मागे लागलो. 'मेंढ्या खाली उतरू दे, मग जाऊ.' मेंढ्या उतरल्या, आणि…

आपा : आणि म्हातारा वर गेला. माहीत आहे मला. मीरगुल, ऐकतेयस ना? तुझी ती डबी आण.

मीरगुल : आपा… ती पेटीत आहे. तळाला.

आपा : पेटीत असो नाहीतर विहिरीत. आण.

तुर्गुन : कसली डबी? तो खिशातला कॅमेरा? आपा, थट्टा करतेस का? गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाहिलंय मी त्यातलं. किटली. पाव. किटली. कोकरू. पुन्हा किटली! धाकट्याने मॉस्कोहून बायकोला इतकी छान वस्तू पाठवली आणि ह्या बाईने किटलीची वरात काढली.

आपा : तुझ्याकडे आहे का किटलीचा तरी फोटो? मग गप बस, चहा पी.

मीरगुल : हा घ्या, आपा. पण चालणार नाही आता. सेल केव्हाच संपलेत. वर्षभर हात लावला नाही.

तुर्गुन : वर्षभर? एरवी तर ॲप्रनच्या खिशातून निघत नव्हता.

मीरगुल : घरात दुःख असताना फोटो कसले काढायचे, बाइके? पेटीत ठेवला तो ठेवलाच.

आपा : म्हाताऱ्याच्या रेडिओत आहेत सेल. काढ ते.

तुर्गुन : आपा, त्या रेडिओला तू कोणाला हात लावू देत नाहीस!

आपा : आज देतेय. काढ! पाठीवर थाप मारावी लागते त्याच्या, मग झाकण सुटतं.

मीरगुल : लागला. दिवा लागला, आपा. पुढे यायला हे बटण, मागे जायला ते.

आपा : माझा चष्मा कुठाय? डोक्यावर… हं. बाई ग, केवढीशी खिडकी ही! हे काय, किटली.

तुर्गुन : म्हणालो ना.

आपा : हे आपलं कोकरू, चुलीपाशी. माझ्या जुन्या कोटात गुंडाळलेलं. बेकझात, तोंडभर दही फासलेला, लबाड नातू माझा. पाव. आणि… थांब. हे पावाच्या कडेला काय आहे?

मीरगुल : बाही आहे, आपा.

आपा : कोणाची?

मीरगुल : नीट बघा ना, आपा.

आपा : कोपराला ठिगळ आहे. हे ठिगळ मी लावलंय. पुढे चल. किटली. किटलीच्या मागे बूट. हा कुत्रा, आणि वर टोपीचं टोक. पुढे. हात, वाटी धरलेला. तुर्गुन, अरे बापाचा हात बघ!

तुर्गुन : दिसतोय. गुडघा दिसतोय, टोपी दिसतेय, अर्धा कान दिसतोय. तोंड कुठाय? एकात तोंड नाही! मीरगुल, रागावू नकोस, पण कॅमेरा एवढासा उजवीकडे वळवला असतास तर आज ही वेळ आली नसती. एक बोटभर! आंधळ्याने काढले तरी चुकून एखाद्यात चेहरा येतो.

मीरगुल : आंधळ्याने काढले असते तर आला असता, बाइके. मला दिसत होतं म्हणून नाही आला.

तुर्गुन : म्हणजे?

मीरगुल : मी सून आहे. ह्या घरात आल्यापासून त्यांच्या समोर कधी बसले नाही. नाव तोंडातून काढलं नाही. काही सांगायचं झालं तर बेकझातला सांगायचे, तो आजोबांना सांगायचा. आणि त्यांच्या तोंडावर यंत्र रोखायचं? 'अता, इकडे बघा, हसा' म्हणायचं? मेले असते लाजेने.

तुर्गुन : पण मग…

मीरगुल : तो फोटो किटलीचा नव्हता, बाइके. मला काय करायची होती किटली? रोज सकाळी ते किटलीच्या बाजूला बसायचे. मांडीवर बेकझात, तोंडाने बडबड, आपांच्या खोड्या काढणं चाललेलं. मला वाटायचं, हे राहावं. मग मी किटलीवर धरायचे. जेवढे येतील तेवढे यायचे.

आपा : …आणि मी म्हणायचे, सुनेला किटलीचं वेड लागलंय. इकडे ये ग. बस इथे. अशी नाही, जवळ.

तुर्गुन : मला हे माहीत नव्हतं.

आपा : तुला बिश्केकमध्ये बसून काय माहीत असणार? पुढे दाब, पोरी.

मीरगुल : आता थोडेच राहिलेत, आपा. किटली. अंगण. आणि हे… हे काय आहे?

तुर्गुन : अंधार. बोट आलंय पुढे.

मीरगुल : माझं नाही. मी हा काढलेलाच नाही.

आपा : मोठं कर. होतं ना मोठं? नख बघा. वाकडं नख! घोड्याच्या दोरात सापडलं होतं, तेव्हापासून वाकडं. म्हाताऱ्याचा अंगठा आहे हा!

तुर्गुन : अता? आणि कॅमेरा? त्यांना टीव्ही लावता येत नव्हता.

आपा : येत नव्हता की उठायचा कंटाळा होता, ते मला विचार. पुढे!

मीरगुल : पुन्हा अंगठा. छत. गालिचा. घोड्याचा कान…

तुर्गुन : घोड्याची नाकपुडी.

आपा : डोंगर. उलटा का आहे हा डोंगर?

मीरगुल : कॅमेरा उलटा धरला असेल. अगं बाई! आपा, आठवलं. ते जायच्या आदल्याच आठवड्यात. डबी सापडत नव्हती म्हणून मी दिवसभर घर पालथं घातलं. संध्याकाळी खिडकीत मिळाली, त्यांच्या टोपीखाली झाकलेली. आणि बेकझात मला येऊन म्हणाला, 'आजोबा म्हणतात, तुझ्या आईला सांग, सवड झाली की डबी उघडून बघ.'

तुर्गुन : आणि तू बघितलं नाहीस?

मीरगुल : सेल संपले होते. मला वाटलं तेच सांगतायत, खेळता खेळता संपवले म्हणून. आणायचे आणायचे म्हणत राहिले. मग ते गेलेच, बाइके.

आपा : रडू नकोस. रडायचं नंतर, सगळे मिळून रडू. आधी बटण दाब.

मीरगुल : कपाळ. नुसतं कपाळ. मग हनुवटी.

तुर्गुन : येतायत! खाली घ्या अता, जरा खाली… छे, आता छाती आली. बटणं दिसतायत नुसती.

आपा : अरे म्हाताऱ्या, सरळ धर की! घोड्यांच्या खेळात धावत्या घोड्यावरून बकरा उचलायचास, ही डबी धरता येईना होय तुला?

मीरगुल : आपा…

आपा : काय? काय झालं? थांबलीस का? दे इकडे.

मीरगुल : आपा, आले.

तुर्गुन : बघू! …अता. अरे, हे तर अताच. पूर्ण! टोपी तिरकी, डोळे बारीक केलेले, तोंड हे एवढं उघडं! हात लांब करून स्वतःच काढलाय.

आपा : हाच! हाच माझा म्हातारा! असाच हसायचा, माझा चहा सांडला की. बघ, पुढचा दात नाही. अक्रोड फोडायला गेला होता दाताने, माझ्यावर छाप पाडायला. आणि हे गालापाशी काय धरलंय?

मीरगुल : किटली, आपा.

आपा : किटली?

मीरगुल : अंगणात उचलून नेलीय. गालाला लावून धरलीय. त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं त्यांना, मी काय करतेय ते.

तुर्गुन : बेकझातनेच दाखवलं असणार. 'आजोबा, यात तुमचं तोंड कुठाय?'

आपा : आणि सरळ बघतोय तो, मीरगुल. कोणाकडे बघतोय कळतंय का? तुझ्याकडे.

मीरगुल : इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा समोरून कधी पाहिला नव्हता, आपा. डोळे असे होते होय त्यांचे? पिंगट?

आपा : पिंगट. ऊन पडलं की मधासारखे. बघ, पोटभर बघून घे. त्यानेच सांगितलंय तुला बघायला. तुर्गुन, उस्तादला फोन लाव!

तुर्गुन : लावतो, पण आपा, जरा विचार कर. टोपी तिरकी, दात नाही, खदाखदा हसणं… वर्षाच्या जेवणाला सगळं गाव येईल, वरच्या खोऱ्यातले येतील. थडग्यावर हसणारा माणूस बघून काय म्हणतील?

आपा : म्हणतील, हा इथे आहे होय! आणि तेही हसतील. रडवणारी थडगी काय कमी आहेत तिथे? तुला लाज वाटत असेल तर तू पासपोर्ट गळ्यात अडकवून फिर. माझ्या नवऱ्याच्या दगडावर माझा नवरा पाहिजे!

तुर्गुन : बरं, बरं. …हॅलो, उस्ताद? आमच्या अतांच्या, जुमाकादिर यांच्या शिळेचं बोलतोय. छिन्नी लावली का? नाही ना? थांबा मग. थांबा म्हणतो! तो पासपोर्टवाला रद्द. फाडा. दुसरा घेऊन मी स्वतः निघतोय, कॅमेऱ्याचं कार्डच आणतो. …हो, हसरा आहे. …माहीत आहे मला तुम्ही हसरा कोरत नाही. आता कोरा. …दात? जेवढे आहेत तेवढे. पुढचा एक नाही. …नको, भरून देऊ नका! नसलेला दात नसलेलाच पाहिजे. …टोपी तिरकीच. सरळ केलीत तर आमची आई तिथे येईल, आणि मग मी जबाबदार नाही.

आपा : किटली सांग.

तुर्गुन : आपा, किटली नको. अति होतंय.

आपा : सांग म्हणते ना.

तुर्गुन : …उस्ताद, अजून एक. गालाजवळ एक किटली आहे. ती कापून… काय? …आपा, तो म्हणतोय कापू नका, किटली तर सोपी आहे. त्याने एकाला ट्रॅक्टर कोरून दिलाय.

आपा : बघ! शहाणा माणूस आहे. मी उगाच मनात राग धरून होते त्याच्यावर.

तुर्गुन : ठीक आहे उस्ताद, किटलीसकट. निघालोच. …मीरगुल, कार्ड काढून दे. नाही, थांब, तूच चल गाडीतून. वाटेत माझ्याकडून हरवलं तर ही मला घरात घेणार नाही. आणि… किटलीवरून जे बोललो ते विसरून जा.

मीरगुल : चुकलं कुठे तुमचं, बाइके? किटल्या होत्याच की.

आपा : जाताय कुठे लगेच? शिळा केवढी घेतलीयस रे?

तुर्गुन : दोघांची, तूच म्हणालीस. डावीकडे अता. उजवी बाजू कोरी ठेवायला सांगितलीय.

आपा : ती माझी. मग आजच काय ते होऊन जाऊ दे. मला नाही कोणा पासपोर्टवाल्याच्या हाती सापडायचं. मीरगुल, डबी घे. सेल आहेत ना?

मीरगुल : आहेत, आपा.

तुर्गुन : आपा, काहीतरीच काय! तुला काय झालंय?

आपा : काही झालं नाही. अजून पुष्कळ जगायचंय मला. पण आज मी खुशीत आहे, आणि तशीच दिसायला पाहिजे. ओढणी ठीक आहे का? असू दे, त्याची टोपी तरी कुठे ठीक आहे! हं, काढ.

मीरगुल : आपा, जरा डावीकडे सरकता का? किटलीच्या बाजूला?

आपा : किटली राहू दे, पोरी. सरळ माझ्याकडे बघ.