यादीतून गेलेली दुसरी मबरूका

नाव रिधा सादोक गरगूरी, वय ३६, पूर्वी पंप कारखान्यात इंजिनिअर, सध्या संशोधन प्रयोगशाळेत प्रशिक्षणार्थी, राहणार सफाक्स. कोणी बोलावले नसता स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की,

मी मागील सप्टेंबरात कारखाना सोडला. रक्तातून मिळालेली जनुकांची माहिती संगणकावर तपासण्याचे काम मी शिकतो आहे. रक्ताच्या नळ्या गोळा करणाऱ्या नझीहाबाईंना आम्ही सगळे खाल्ती, म्हणजे मावशी म्हणतो. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "काय रे पंपवाल्या, इथे गळती लागली तर पाना चालायचा नाही हं!"

दिनांक ३ फेब्रुवारी रोजी मी २१२ नावांची यादी साफ केली. त्यात मबरूका हे नाव, तेच आडनाव, तेच जन्मवर्ष दोनदा होते. कारखान्यात एकच सुटा भाग दोनदा लिहिला गेला की एक ओळ खोडायची, तशी मी खोडली. त्या दोघी चुलत बहिणी आहेत. आजी वारली त्या वर्षी दोन्ही भावांना मुली झाल्या, दोघांनी आईचेच नाव ठेवले. आमच्याकडे असेच ठेवतात. माझ्या घरात माझा मुलगा सादोक आणि पुतण्याही सादोक. मला कळायला हवे होते.

यादीत नाव नाही म्हणून दुसरीची नळी २० तारखेला टाकून दिली गेली. या घराण्यात हृदयाचा आजार आहे, म्हणून तिचे वडील २ मार्चला अहवाल मागायला आले. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सर्वांसमोर विचारले. खाल्ती म्हणाली, "दोन पोरी, दोन नळ्या. मी या हातांनी घेतल्यात." प्रमुखांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "यादीत एकच आहे." हे वाक्य खरे होते. खोडलेली ओळ मला त्याच दुपारी सापडली.

मी बोललो नाही. मला कायम करायचे की नाही, हे १२ तारखेला ठरणार होते. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा पंपांकडे जायची मला लाज वाटत होती. मधल्या दिवसांत खाल्ती मला रोज डब्यातला मकरूद, म्हणजे खजूर भरलेली रव्याची वडी, देत असे. "खा रे, वाळलास किती!" मी खात असे.

काल मला नेमणुकीचे पत्र मिळाले. आज सकाळी मुलीच्या वडिलांच्या तक्रारीवरून खाल्तीला नळी चोरल्याच्या संशयाने येथे आणले. ती बाहेर बाकावर आहे. मी आत येताना ती मला म्हणाली, "तू कशाला आलास बाळा? तुझं काम बुडेल."

नळी तिने चोरलेली नाही. त्या मुलीचे रक्त पुन्हा तपासावे. पत्र सोबत जमा करतो.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "नजरचुकीने" असा शब्द होता. ३ फेब्रुवारीपुरता तो ठेवला आहे. २ मार्चनंतरच्या अकरा दिवसांपुढेही तोच लिहिला होता, तेथून मी तो खोडायला लावला. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.