मेण्यातली आत्या

(इंग्लंडमधलं गरम पाण्याच्या कुंडांचं गाव बाथ, १८१४. सकाळचे नऊ. चौदा नंबरच्या घरात जिन्यापाशी एक मेणा टेकवलेला आहे. चारी बाजूंचे पडदे घट्ट ओढलेले. मेण्याशी घरचा तरुण सेप्टिमस आणि जुनी मोलकरीण हॅना.)

सेप्टिमस: तू मला अडवू नकोस हॅना. आत्ता बोललो नाही तर मी जन्मात बोलणार नाही.

हॅना: अहो बाबा, त्या आत्ताशी गरम कुंडातून येतायत. डॉक्टरांनी काय बजावलंय? फ्लॅनेलमध्ये गुंडाळायचं, पडदे ओढायचे आणि मेणा थेट पलंगाशी नेऊन उघडायचा. वाटेत वारा लागला की बाई आडवी. तर हे भोई मेले जिन्याखालीच टेकवून पसार झाले. म्हणे, एक घोट घेऊन येतो. त्यांचा एक घोट म्हणजे अर्धं पिंप.

सेप्टिमस: तेच बरं झालं. पडदा आहे तोवर मला बोलता येईल. आत्याचं तोंड दिसलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, तुला माहीत आहे. उर्सुला आत्या, जाग्या आहात का?

मेण्यातून: अं? कोण आहे?

सेप्टिमस: मी सेप्टिमस. तुमचा भाचा.

मेण्यातून: अहो, इथे काहीतरी चूक होतेय. मी...

सेप्टिमस: चूकच होतेय आत्या, अगदी मोठी. तुमचा घसा पार बसलाय, तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका. आज बारा वाजता मी अकरा नंबरच्या घरी जायचं आणि लॅव्हिनिया ब्रॉकला मागणी घालायची, असं तुम्ही आणि तिच्या आईने पत्रापत्रीत ठरवून टाकलंत. मी जाईन. पण मागणी घालणार नाही. तोंडावर नाही म्हणून येईन.

मेण्यातून: का बरं?

सेप्टिमस: ती मुलगी म्हणजे महामाया आहे. साऱ्या गावाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी एका कॅप्टनने मागणी घातली, तर तिने दौत फेकून मारली त्याला.

मेण्यातून: रिकामी होती.

सेप्टिमस: काय म्हणालात?

मेण्यातून: दौत. रिकामी होती असं ऐकलंय मी. आणि लागली पण नाही.

हॅना: बाबा, आत्याबाईंचा आवाज फारच वेगळा लागतोय हो. तळघरातून गरम करायला वाईन आणा बघू. किल्ली तुमच्याच खिशात आहे.

सेप्टिमस: आणतो. पण आत्या, माझं अजून अर्धंसुद्धा बोलून झालेलं नाही.

हॅना: जा हो तुम्ही. गेले एकदाचे. आत्याबाई, पाय बघते जरा, गार पडले असतील. अगं बाई. तू कोण गं?

मेण्यातून: हळू बोला. मी लॅव्हिनिया ब्रॉक.

हॅना: महामाया?

लॅव्हिनिया: तीच.

हॅना: मग आमच्या आत्याबाई कुठे आहेत?

लॅव्हिनिया: माझ्या पलंगावर, आणखी कुठे असणार? कुंडावरून दोन मेणे बरोबरच निघाले. मला आत डुलकी लागली, जाग आली तर हे साहेब माझा उद्धार करतायत.

हॅना: त्या भोयांना काय डोळे नाहीत? पडदा उचलून बघायला काय झालं होतं?

लॅव्हिनिया: बाईमाणूस आत ओलं बसलेलं, ते कसे पडदा उचलतील? कुणी उचलला असता तर मीच बोंब मारली असती. आणि आपल्या आळीतली तीसच्या तीस घरं एकाच साच्यातली. दारंसुद्धा एका रंगाची.

हॅना: मी सांगते बाबांना. बिचारे भलतंच काहीतरी बोलून बसतील.

लॅव्हिनिया: नको, तुमच्या पाया पडते. माझ्या अंगावर काय आहे माहितेय? एक ओला झगा आणि सहा वार फ्लॅनेल. त्यांनी पडदा बाजूला केला तर माझं या गावात तोंड दाखवणं बंद होईल. भोई येईपर्यंत मी आत्या. कबूल?

हॅना: आणि तोवर त्यांच्या मनातलं सगळं फुकटात ऐकायचं? चोरावर मोर आहेस की.

लॅव्हिनिया: मला कुठे ऐकायची हौस आहे? मलाही नाहीच करायचंय त्यांच्याशी लग्न. ते दोनदा आमच्याकडे आले, दोन्ही वेळा मी डोकं दुखतंय म्हणून वर जाऊन पडले. आज बारा वाजता मी सरळ नाही म्हणणार होते.

हॅना: आणि तुम्ही मायलेकी इकडे आलात तेव्हा मी बाजारात गेलेली आणि हे मागच्या दाराने पळाले. सहा आठवडे झाले, दोघांनी एकमेकांचं नखसुद्धा बघितलेलं नाही आणि दोघंही नाही म्हणून बसलेत. काय म्हणावं या कर्माला. पण ते दौतीचं खरं का गं?

लॅव्हिनिया: खरं आहे. तो कॅप्टन गुडघे टेकून माझ्यापुढे बसला आणि सगळं माझ्या आईकडे बघून बोलला. मी त्या खोलीत आहे हे त्याला कळावं म्हणून फेकली.

हॅना: बरं केलंस. आले, आले. पडदा सोड.

सेप्टिमस: घ्या आत्या, वाईन. दालचिनी घातलीये. फटीतून देतो, हात बाहेर काढा. अरेच्चा.

लॅव्हिनिया: काय झालं?

सेप्टिमस: तुमचा हात. किती तरुण दिसतोय.

लॅव्हिनिया: कुंडाच्या पाण्याचा गुण.

सेप्टिमस: पहिल्याच दिवशी?

लॅव्हिनिया: म्हणून तर लोक शंभर शंभर मैलांवरून येतात. तू बोल. त्या मुलीने दौत मारली म्हणून लग्न करायचं नाही, एवढंच ना?

सेप्टिमस: नाही आत्या. खरं कारण दुसरं आहे. माझं एका मुलीवर मन बसलंय.

हॅना: मेलं. हे मला नव्हतं सांगितलंत.

सेप्टिमस: कुणालाच नव्हतं सांगितलं.

लॅव्हिनिया: असं? मग बोल की. कोण आहे ती भाग्यवान?

सेप्टिमस: नाव माहीत नाही.

हॅना: घ्या. लग्न कुणाशी, तर नाव माहीत नाही.

सेप्टिमस: तू मध्ये बोलू नकोस. आत्या, मिल्सम रस्त्यावरचं वाचनालय आहे ना, तिथे ते एकेका कादंबरीचे तीन भाग करून एकेक भाग देतात. मला एकीचा तिसरा भाग हवा होता. तिलाही तोच. प्रत एकच. दोघांचे हात एकदम पडले त्याच्यावर. ती म्हणाली, पुरुषांना शेवट कशाला हवा, त्यांना पहिल्या पानावरच सगळं समजलेलं असतं.

हॅना: मेणा का हलतोय? आत्याबाई, बऱ्या आहात ना?

लॅव्हिनिया: ठसका लागला. मग? तू काय म्हणालास तिला?

सेप्टिमस: काही नाही. पुस्तक तिला दिलं, वाकून नमस्कार केला आणि मागच्या शिडीवर आपटलो. तेव्हापासून दर मंगळवारी जातो. तीही येते. मी समोरच्या कपाटाशी उभा राहतो. तिथे सगळी गुरांच्या आजारांवरची पुस्तकं आहेत. खुरांच्या रोगावरची चार वाचून झाली माझी.

लॅव्हिनिया: आणि तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस?

सेप्टिमस: कसा बोलणार? दोघांना ओळखणारं कुणी ओळख करून देईल तेव्हा बोलायचं. मी आपणहून बोललो असतो तर लोकांनी तिलाच नावं ठेवली असती. आणि खोटं कशाला बोलू, ओळख करून दिली असती तरी मला बोलता आलं नसतं. ती पुढ्यात आली की माझा दगड होतो.

लॅव्हिनिया: दिसायला कशी आहे?

सेप्टिमस: छान आहे. नाक जरा वर उचललेलं आहे.

लॅव्हिनिया: कितपत?

सेप्टिमस: बऱ्यापैकी. पण तिला शोभतं. वाचता वाचता एकटीच हसते. मग कुणी बघितलं का म्हणून इकडे तिकडे बघते. तेव्हा मी खुरांकडे बघतो. आत्या, मला ती फार आवडते. मंगळवार सोडला तर आठवड्यातले बाकीचे दिवस मला नुसते ढकलावे लागतात. हे असं मनात ठेवून मी त्या लॅव्हिनियापुढे गुडघे टेकले तर ती फसवणूक होईल. ती महामाया असली तरी तिला फसवायचा मला काय हक्क आहे?

हॅना: बाबा, पुरे आता. थोडं थांबा.

लॅव्हिनिया: थांबू नकोस. आणि मी म्हटलं, लॅव्हिनियाशीच लग्न कर, नाहीतर मी तुला उत्तरेतल्या एखाद्या माळावरच्या चर्चमध्ये पाद्री म्हणून धाडते, तर?

सेप्टिमस: तर धाडा. तिथे पाऊस आणि मेंढ्या सोडल्या तर काही नाही, हे मला ठाऊक आहे. जाईन मी. निदान मेंढ्यांच्या खुरांचं मला बरंच कळतं आता.

लॅव्हिनिया: आणि ती? तिला काही न सांगता निघून जाशील?

सेप्टिमस: तिला काय फरक पडणार? तिला मी तिथे असतो हेसुद्धा माहीत नसेल.

लॅव्हिनिया: माहीत नसायला काय झालं? सहा मंगळवार समोर उभा, अर्धा वेळ पुस्तक उलटं धरलेलं. न कळायला ती काय आंधळी आहे?

हॅना: अगं बाई.

सेप्टिमस: आत्या.

लॅव्हिनिया: काय?

सेप्टिमस: पुस्तक उलटं असतं हे मी सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.

लॅव्हिनिया: हो.

सेप्टिमस: आणि सहा मंगळवार हेही नाही. तुम्ही तर काल रात्री आलात.

लॅव्हिनिया: हो. मी आत्या नाहीये. तुमच्या आत्या आमच्या घरी आहेत, भोयांनी अदलाबदल केली. तिसरा भाग मी नेला होता. पडदा उघडू नका, मी ओली आहे.

हॅना: बाबा, बसा. इथे पायरीवर बसा. पाणी आणू का? काहीतरी बोला हो.

सेप्टिमस: मी आत्याशी बोलत होतो.

लॅव्हिनिया: माहितेय.

सेप्टिमस: ते तुम्हाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणजे तुम्हालाच सांगण्यासारखं होतं, पण असं नाही. तुम्ही ऐकत बसलात. मजा बघत बसलात माझी.

लॅव्हिनिया: चुकलं माझं. पहिल्याच वाक्याला सांगायला गेले तर तुम्ही म्हणालात बोलू नका. मग तुम्ही मला नको ते बोललात, त्याचा राग आला म्हणून गप्प बसले. आणि ते वाचनालयाचं निघालं, तेव्हा मजा नव्हते हो बघत. मला पुढचं ऐकायचं होतं. सहा आठवडे वाट बघतेय मी, तुम्ही कधी तोंड उघडताय याची. मीच बोलले असते, पण एकदा बोलले तर तुम्ही शिडीवर आपटलात.

सेप्टिमस: मी तुम्हाला कधी नको ते बोललो? तुम्ही कोण हेच मला माहीत नाही.

हॅना: ते मी सांगते. मोलकरणीने ओळख करून दिलेली चालत नाही, मला ठाऊक आहे. पण आत्याबाई तिकडे घाम गाळत पडल्यात, तेव्हा मीच. ताईसाहेब, हे मिस्टर सेप्टिमस हॅलेट, सात भावांतले शेंडेफळ, मी अंगाखांद्यावर खेळवलेत. बाबा, ह्या अकरा नंबरच्या मिस लॅव्हिनिया ब्रॉक. दौतवाल्या.

सेप्टिमस: अरे देवा.

लॅव्हिनिया: रिकामी होती.

सेप्टिमस: मी तुम्हाला महामाया म्हणालो.

लॅव्हिनिया: म्हणालात. मेंढ्या परवडल्या असंही म्हणालात.

सेप्टिमस: नाक वर आहे म्हणालो.

लॅव्हिनिया: बऱ्यापैकी वर. मीही काल आईला म्हणाले, चौदा नंबरचा हॅलेट नंदीबैल असणार, आत्या हलवेल तशी मान हलवणारा. ते तेवढं मी परत घेते. आत्यासमोर तुम्ही माझ्यासाठी नाही म्हणालात. म्हणजे मलाच नाही म्हणालात, पण माझ्यासाठी. मला यातून नीट सांगता येत नाहीये, तुम्ही समजून घ्या.

हॅना: झालं. आता ही पण अडखळायला लागली. आणि ते बघा, भोई आले. त्यांच्या पाठी, ताईसाहेब, तुमच्या मातोश्री छत्री परजत निघाल्यात. आत्याबाईंचा आवाज तर इथपर्यंत येतोय, पलंगाला ढेकूण आहेत म्हणून.

लॅव्हिनिया: आमच्याकडे ढेकूण नाहीत.

हॅना: ते तिकडे जाऊन भांडा. बाबा, भोई मेणा उचलतायत, बोलायचं असेल तर आता बोला. नाहीतर आहेतच खुरांची पुस्तकं.

सेप्टिमस: मिस ब्रॉक.

लॅव्हिनिया: बोला. मी पडदा बोटभर बाजूला करतेय, नुसतं तोंड दिसेल. आता तुम्हाला माझ्याकडे बघून बोलायचंय. जमेल?

सेप्टिमस: जमत नाहीये.

लॅव्हिनिया: मला घाई नाही.

हॅना: भोयांना आहे. थांबा रे मेल्यांनो, खाली ठेवा तो. माणूस बोलतोय, दिसत नाही?

सेप्टिमस: बारा वाजता मी तुमच्याकडे येतोय.

लॅव्हिनिया: नाही म्हणायला?

सेप्टिमस: नाही. म्हणजे, नाही म्हणायला नाही. तुमच्या आईकडे बघणार नाही मी. तुमच्याकडेच बघेन. वेळ लागेल मला, पण बघेन. फक्त दार उघडायला तुम्ही या. दारातच दुसरं कुणी भेटलं तर माझं सगळं विसरायला होईल.

लॅव्हिनिया: येते. केस वाळले तोवर तर.

सेप्टिमस: ओले असले तरी या.